क्रेगीवार कॅसल बघून आलो, पण हा किल्ला म्हणायचा की घर? (स्कॉटलंड, टॉवर हाउस)

अ‍ॅबर्डीनचा_पाहुणा

नमस्कार मंडळी, जरा डोकं खातोय, सांभाळून घ्या.

मी दोन वर्षं झाली अ‍ॅबर्डीनला आहे (तेलवाली नोकरी, इथले अर्धे देशी तेच करतात) आणि सध्या आईबाबा साताऱ्याहून आलेत. बाबा रिटायर होईपर्यंत दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या गडावर जाणार म्हणजे जाणारच असे, त्यामुळे त्यांना समुद्र दाखव, मॉल दाखव असलं काही चालत नाही, म्हणून गेल्या रविवारी त्यांना क्रेगीवार कॅसलला नेलं. अल्फर्ड गावाच्या दक्षिणेला आहे (लिहितात अल्फर्ड, बोलतात आफर्ड, मी पत्ता विचारताना दोनदा हसू करून घेतलं). इथून गाडीने तासाभरात होतं.

झाडीतून वर आलो आणि समोर एकदम गुलाबी रंगाची सात मजली उंच इमारत, खाली सपाट भिंत आणि वर टोप्या घातल्यासारखे गोल गोल बुरूज. आई खूश, म्हणाली पेस्ट्रीच्या दुकानातला केक आहे. बाबा मात्र एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "तट कुठाय? खंदक कुठाय? पाण्याची टाकी कुठाय? हा कसला किल्ला, हा तर एका माणसाचा बंगला उभा करून ठेवलाय." आतमध्ये गाइड बाई होत्या, त्यांनी घराण्याच्या गोष्टी छान सांगितल्या, लोखंडी जाळीचा दरवाजा दाखवला, छतावरचं प्लास्टरचं काम तर तोंडात बोट घालायला लावणारं आहे, पण बाबांचा प्रश्न तसाच राहिला आणि खरं सांगायचं तर आता माझाही राहिलाय.

तर प्रश्न असे. एक, याला कॅसल का म्हणतात, यात लढाईचं नेमकं काय आहे? दोन, आडवं बांधायला एवढी जागा पडलेली असताना हे लोक वर वर का बांधत गेले? तीन, दगडाची इमारत आहे तर तिला प्लास्टर करून गुलाबी का रंगवलंय? बाबांच्या मते दगड झाकणं हा गुन्हा आहे.

---

दगडधोंडे

तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा, त्यांनी पहिल्याच फेरीत बरोबर नस पकडली.

मी आर्किटेक्ट आहे, एडिंबराला दोन वर्षं शिकायला होतो आणि तेव्हा हे मनोरे बघत फिरायचं वेडच लागलं होतं. थोडक्यात सांगायचं तर इंग्रजीतला कॅसल हा शब्द स्कॉटिश लोक फार सढळ हाताने वापरतात. क्रेगीवारसारख्या इमारतींना जाणकार टॉवर हाउस म्हणतात, म्हणजे मनोऱ्याच्या आकाराचं घर, आणि आपल्याकडे याला जवळचा शब्द हवा असेल तर किल्ला नाही, गढी. पाटील-देशमुखांची गढी कशी, फौजेला तोंड द्यायला नाही तर दरोडेखोर आणि भाऊबंद यांना बाहेर ठेवायला आणि गावाला आपला रुबाब दाखवायला, अगदी तेच.

थोडं मागे जावं लागेल. चौदाव्या शतकात इंग्लंडशी स्वातंत्र्याच्या लढाया झाल्या त्यात स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस याने स्वतःच्याच मुलखातले मोठे किल्ले पाडून टाकले, कारण शत्रूने ते घेतले की पुन्हा सोडवायला जीव जायचा. त्यानंतर सरदारांनी बांधायला घेतलं ते असं एकटं दगडी घर. सुरुवातीची धिप्पाड होती. नैऋत्य स्कॉटलंडमधल्या गॅलोवेचं थ्रीव्ह बघा, तिथल्या डी नदीतल्या बेटावर पाच मजली मनोरा, १३६९ नंतर आर्चिबाल्ड डग्लसने बांधला, आणि १४५५ मध्ये दुसऱ्या जेम्स राजाला तो घ्यायला स्वतः वेढा घालून बसावं लागलं. ते खरंच लढायचं घर होतं. पण पुढे सोळाव्या शतकात चर्चच्या जमिनी कायमच्या भाडेपट्ट्याने छोट्या छोट्या जमीनदारांकडे जायला लागल्या, त्यांना लेअर्ड म्हणतात, आणि प्रत्येक लेअर्डला आपला मनोरा पाहिजे झाला. बहुतेक मनोरे त्या काळातले.

आता वर का. आडवं घर बांधलं की भिंतींची लांबी वाढते, छप्पर वाढतं, चारी बाजूंनी दारं-खिडक्या राखाव्या लागतात. उभ्या घराला दार एकच. तळमजल्यावर दगडी कमानीचं छत, तिथे स्वयंपाकघर आणि कोठारं, म्हणजे खाली कुणी आग लावली तरी ती लाकडी तक्तपोशीसारखी भसकन वर चढत नाही. पहिल्या मजल्यावर दिवाणखाना म्हणजे हॉल, तिथेच जेवण, तिथेच पाहुणे, तिथेच कुळांचे तंटे. त्याच्या वर घरधन्याची खोली, मग मुलाबाळांच्या. वाडा उभा करून ठेवलाय असं समजा, चौकाऐवजी जिना. संडास भिंतीच्या जाडीत. पाण्याचं म्हणाल तर विहीर असायची, कधी आवारात कधी आतच, तुमच्या जवळच्या ड्रम कॅसलच्या जुन्या मनोऱ्यात ती तळमजल्यावरच आहे. बाबांना सांगा, टाकं नाही पण आड आहे.

आणि तट अगदीच नव्हता असं नाही. मनोऱ्याभोवती एक आवारभिंत असायची, तिला बार्मकिन म्हणतात. १५३५ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटने सीमेकडच्या लोकांसाठी कायदाच केला, की ज्याच्याकडे शंभर पौंडांची जमीन आहे त्याने साठ फूट चौरस बार्मकिन बांधायचं, भिंत एक एल जाड आणि सहा एल उंच (एल म्हणजे त्यांचा गज, साधारण तीन फुटाला थोडा जास्त), स्वतःला आणि कुळांना गुराढोरांसकट आत घेता यावं म्हणून, आणि आत मनोरा "वाटल्यास". म्हणजे सरकारला गुरं महत्त्वाची, साहेबाचं घर ऐच्छिक! क्रेगीवारला त्या आवाराचा एक गोल कोपरा अजून उभा आहे, तुम्ही त्याच्या शेजारून गेला असाल, बहुतेक लोक त्याला बागेतली खोली समजतात.

तुमचा क्रेगीवार मात्र या सगळ्याच्या शेवटी येतो. १६२६ मध्ये पूर्ण झाला. तोवर १६०३ ला स्कॉटलंड आणि इंग्लंड, दोन्हींचे मुकुट एकाच राजाच्या डोक्यावर आले होते. खालचा भाग जुन्या सवयीने बंद आणि रुक्ष ठेवलाय, आणि सगळी हौस वर, तोफा मारायला नाही तर लांबून येणाऱ्या पाहुण्याला दिसायला. त्या टोप्या घातलेल्या बुरुजांत पहारेकरी नाही, खोलीचा कोपरा आहे, बसायला.

---

काळाघोडा_निवासी

थोडं अवांतर, पण क्रेगीवार कुणी बांधला ते कुणी सांगितलंच नाही. विल्यम फोर्ब्ज. अर्धवट राहिलेलं बांधकाम मॉर्टिमर घराण्याकडून १६१० मध्ये विकत घेतलं. हा सरदार-बिरदार नव्हता, लेअर्डचा धाकटा मुलगा, व्यापारी, बाल्टिक समुद्रात डान्झिग (आताचं पोलंडमधलं ग्दान्स्क) बंदराशी धंदा करून गबर झाला, म्हणून लोक त्याला डान्झिग विली म्हणायचे. त्याचा मोठा भाऊ पॅट्रिक अ‍ॅबर्डीनचा बिशप. एक भाऊ देवाच्या दारी, एक बंदराच्या.

आणि फोर्ब्ज म्हटलं की आमच्या मुंबईकरांच्या कानात फोर्टातला फोर्ब्ज स्ट्रीट वाजतो, आत्ताचा व्ही. बी. गांधी मार्ग. १७६७ ला मुंबईत कंपनी काढणारा जॉन फोर्ब्ज अ‍ॅबर्डीनशायरचाच, आणि एशियाटिकच्या टाउन हॉलमध्ये सर चार्ल्स फोर्ब्जचा पुतळा आहे तोही त्याच भागातला. थेट वंशज नव्हेत, फोर्ब्ज हे तिकडचं मोठं कूळ आहे, आपल्या मोरे-शिंद्यांसारखं, एक दगड मारला तर तीन फोर्ब्जना लागेल. पण धाकट्या मुलाने लांबच्या बंदरात जाऊन पैसा करायचा आणि गावी येऊन इस्टेट घ्यायची, ही पद्धत डान्झिगवरून मुंबईपर्यंत तीच.

---

गडवेडा_७७

वरच्या सगळ्यांशी सहमत पण लढाईचं काहीच नाही असं कसं म्हणता?? गोल जिना बघितला का? तो वर जाताना नेहमी उजवीकडे वळत जातो, कारण वरून लढणाऱ्याचा उजवा हात मोकळा राहतो आणि खालून येणाऱ्याची तलवार मधल्या खांबाला अडते. आणि केर नावाचं एक घराणं डावखुरं होतं म्हणून त्यांच्या फर्नीहर्स्ट किल्ल्यात जिना उलटा आहे. हे सगळे गाइड सांगतात. इंग्रजांशी लढायला बांधलेली घरं आहेत ही, नुसता रुबाब नाही.

---

सीमेवरची

गडवेडा दादा, रागावू नका पण ही जिन्याची गोष्ट मला पण दहा गाइडनी सांगितलीय आणि दहाही वेळा मला शंका आली.

मी सहा वर्षं बॉर्डर्समध्ये (स्कॉटलंडचा इंग्लंडच्या सीमेलगतचा भाग) राहते, केल्सोच्या जवळ, नवऱ्याची नोकरी इथल्या शाळेत आहे, तेव्हा वीकेंडला हेच मनोरे. दोन्हीकडे वळणारे जिने सगळीकडे सापडतात. दार कुठल्या कोपऱ्यात, खोली कुठल्या बाजूला, त्यावर गवंडी जिना फिरवतो. ही तलवारीची गोष्ट लिहिलेली सापडते ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, जुन्या कागदात नाही. आणि जरा विचार करा, शत्रू तुमच्या जिन्यात तलवार घेऊन उभा आहे म्हणजे दार गेलं, स्वयंपाकघर गेलं, धान्य गेलं, आता वर तुमची बायकामुलं आणि चार खोल्या राहिल्यात, उजवा हात मोकळा असून काय करणार? फर्नीहर्स्टचा जिना उलटा आहे हे खरं, केर डावखुरे ही दंतकथा ऐकायला मजा येते हेही खरं, पण त्यावरून सगळ्या देशाचे जिने नका ठरवू.

खरा लढा दारात व्हायचा. दाराच्या आत लोखंडी जाळीचं दुसरं दार, त्याला येट म्हणतात (क्रेगीवारला आहे तेच, पाहुण्यांनी वर लिहिलंय ते). पुढच्या वेळी ते नीट बघा. साधी जाळी असते त्यात उभे गज मागे, आडवे पुढे, एका बाजूने रिव्हेट तोडले की सुटतं. स्कॉटिश येटमध्ये एका चौकोनात उभे गज आडव्यांच्या पोटातून आरपार जातात आणि शेजारच्या चौकोनात आडवे उभ्यांच्या, म्हणजे टोपली विणल्यासारखं पण लोखंडात, ते कुठूनच उसवता येत नाही. लोहाराने कसं केलं असेल याचा विचार करून माझं डोकं दुखलेलं आहे. १६०३ नंतर सीमेवर शांतता आणायची म्हणून सरकारने हुकूम काढला की ही येटं काढा आणि वितळवून नांगराचे फाळ करा, इतकी ती डोळ्यात सलायची.

दुसरं म्हणजे शत्रू कोण. इंग्रज यायचे ना, १५४० च्या दशकात तर इकडचा सगळा पट्टा जाळत आले. पण रोजचा त्रास रीव्हर लोकांचा, म्हणजे गुरं पळवणारी घराणी, आणि ती दोन्ही बाजूंना होती, आर्मस्ट्राँग, इलियट, ग्रॅहम, केर पण त्यातलेच. स्कॉटिश माणूस स्कॉटिश शेजाऱ्याची गुरं न्यायचा आणि रस्त्यात इंग्लंडमधल्या नातेवाइकाकडे लपवायचा. रात्री घोड्यावरून यायचं, सकाळच्या आत परत. त्यांच्याकडे तोफा नाहीत, वेढा घालायला वेळ नाही. म्हणून मनोऱ्याचं काम एवढंच, की काही तास टिकायचं, गच्चीवर जाळ पेटवून शेजाऱ्यांना बोलवायचं. हल्लेखोरांचं आवडतं हत्यार तलवार नव्हतंच, ओलं गवत होतं! दारात पेटवायचं आणि धुराने आतल्यांना बाहेर काढायचं. आणि मालकाला घर सोडून पळावंच लागलं तर तो आत पीट (दलदलीतली वाळवलेली माती, जळण म्हणून वापरतात) धुमसत ठेवून जायचा, म्हणजे शत्रूला आत जाऊन सुरुंगाची दारू ठेवता येत नाही, परत आल्यावर धूर काढायचा की घर जसंच्या तसं. दगडाला काय होतंय.

हे डोळ्याने बघायचं असेल तर इकडे स्मेलहोमला या. उघड्या खडकावर एकटा चौकोनी मनोरा, प्रिंगल घराण्याचा, ना गुलाबी ना केक, वारा असा की बोलता येत नाही. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट लहानपणी आजारी होता तेव्हा खालच्याच शेतावर आजीआजोबांकडे राहायला होता. मी पहिल्यांदा गेले तेव्हा एक मेंढी आणि मी.

---

गडवेडा_७७

बरं बाबा जिना मागे घेतो 😀 ओल्या गवताचं माहीत नव्हतं. पण मग बंदुकीच्या जंग्या (भिंतीतली मारा करायची भोकं) असतात त्या तरी खऱ्या ना?

---

दगडधोंडे

त्या खऱ्या. डंडीजवळचं क्लेपॉट्स बघा, तिथे एक तारीख १५६९ आणि दुसरी १५८८ अशी दगडात कोरलेली आहे, त्यामुळे वाद घालायला जागा नाही. मधे चौकोनी घर आणि समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना दोन गोल बुरूज, वरून बघितलं तर इंग्रजी झेड. हेतू सरळ आहे, प्रत्येक बुरुजातून घराच्या दोन भिंती दिसतात, म्हणजे दोन बुरुजांत चारही बाजू मारा करता येतात. जंग्या खाली, रुंद तोंडाच्या. आणि गंमत अशी की गोल बुरुजाच्या डोक्यावर एकदम चौकोनी खोली बसवलीय, बॉक्स ठेवल्यासारखी, कारण गोल खोलीत पलंग लावता येत नाही! हे मला या सगळ्या शैलीचं सार वाटतं. खाली बंदूक, वर पलंग, आणि दोघांचं भांडण होतं तिथे गवंड्याने दगडाचे थर एकेक करून पुढे काढून मिटवलंय.

क्रेगीवारचा नकाशा इंग्रजी एल सारखा, दार आतल्या कोपऱ्यात, म्हणजे दारात उभा राहणारा दोन्ही बाजूंच्या खिडक्यांखाली येतो. १६२६ ला याचा उपयोग बहुतेक कोण आलंय ते बघण्यापुरता असावा.

---

अ‍ॅबर्डीनचा_पाहुणा

अरे बापरे, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. बाबांना सगळं वाचून दाखवलं. गढी शब्दावर ते खूश, पण म्हणाले, आमच्या गावच्या गढीत चौक होता, आत बैल बांधता यायचे, ही कसली गढी. (सीमेवरच्या ताईंचं बार्मकिनचं, म्हणजे दगडधोंड्यांचं, सांगितल्यावर थोडे गप्प झाले.)

हॉलचं छत मात्र त्यांनी मान्य केलंय. मधूनमधून खाली लोंबणारे प्लास्टरचे झुबके, गोलात हेक्टर, अलेक्झांडर अशा वीरांची डोकी, आणि चुलाण्याच्या वर राजाचं भलंमोठं राजचिन्ह. बाबा म्हणाले व्यापाऱ्याच्या घरात राजाचं चिन्ह कशाला. आणि जिन्याकडे १६६८ सालची एक पाटी आहे, जुन्या स्कॉट्समध्ये, अर्थ असा की झोपलेली कुत्री उठवू नका. हे आईला फार आवडलं, ती आता मला रोज सकाळी उठवताना तेच म्हणते.

तिसरा प्रश्न राहिला, प्लास्टरचा.

---

चुनखडी

मी इतके दिवस नुसता वाचत होतो, पण प्लास्टरचं विचारलंत म्हणून लॉगिन केलं. मी पुण्यात जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, चुना हा माझा रोजचा विषय.

बाबांना सांगा की दगड झाकला नाहीये, दगडाला अंगरखा घातलाय. तिकडे याला हार्लिंग म्हणतात. क्रेगीवारची भिंत घडीव दगडाची नाही, ओबडधोबड ग्रॅनाइटच्या दगडांची आहे, घडवलेला दगड फक्त कोपऱ्यांना, खिडक्यांना आणि वरच्या नक्षीला. अशा भिंतीत सांधे फार, आणि स्कॉटलंडचा पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. म्हणून चुना, वाळू आणि बारीक खडी असं कालवून ते थापीने भिंतीवर जोरात फेकतात, थापत नाहीत, फेकतात. खडबडीत राहतं म्हणून पृष्ठभाग वाढतो, पाणी लवकर सुकतं, वरून चुन्याच्या निवळीचे पातळ हात द्यायचे, त्यातच रंग मिसळायचा. गुलाबी येतो तो असा. तेव्हा अंगरखा आहे तसाच तो सदरा धुवून बदलायचा पण असतो, दर काही वर्षांनी.

आणि इथेच सगळीकडे होते तीच चूक तिथेही झाली. विसाव्या शतकात सिमेंटचं हार्लिंग मारलं. सिमेंट कडक, चुन्याच्या सांध्यांची भिंत त्यामानाने मऊ, ती थोडी हलते आणि सिमेंटला केसासारख्या भेगा पडतात, त्यातून पाणी आत जातं पण बाहेर यायला वाट नाही, मग आतून ओल, पापुद्रे, लाकूड कुजणं. २०१० च्या सुमारास ते सगळं उतरवून परत चुन्याचं केलं, आणि आता पुन्हा रंगाचे हात देऊन २०२४ मध्ये लोकांसाठी उघडला, तुम्ही बघितला तो ताजा रंग आहे. मी इकडे मालकांना सांगतो की वाड्याला सिमेंट लावू नका, तर म्हणतात चुना जुना झाला, परदेशात बघा. परदेशात बघा म्हणून मी आता हाच फोटो मोबाइलमध्ये ठेवलाय.

---

काळाघोडा_निवासी

राजचिन्हाचं उत्तर राहिलं. त्या काळच्या लेअर्डला राजाच्या नावाने आपल्या जहागिरीत न्यायनिवाडा करायचा अधिकार असायचा, आणि तो निवाडा हॉलमध्येच. तेव्हा चुलाण्यावरचं चिन्ह म्हणजे कोर्टातल्या भिंतीवरचं चिन्ह. शिवाय नवा श्रीमंत माणूस, जरा मोठंच लावणार.

---

सीमेवरची

पाहुणे, बाबा अजून आहेत तोवर कॅसल फ्रेझर करा, तुमच्यापासून जवळ. तेही झेड नकाशाचं, १५७५ ला सुरू आणि १६३६ ला संपलं. तिथे हॉलच्या भिंतीत एक छोटी लपलेली खोली आहे, लेअर्ड्स लग म्हणतात, लग म्हणजे कान, मालक तिथे बसून पाहुणे काय बोलतात ते ऐकायचा असं सांगतात. आणि क्रेथिस पण करा, छताच्या लाकडी तुळयांवर चारशे वर्षांपूर्वीची रंगीत चित्रं आहेत, खाली मान घालून चालू नका. तिथल्या जिन्यात एक पायरी मुद्दाम वेगळ्या उंचीची आहे, चोर अडखळावा म्हणून, असं गाइड सांगतो (गडवेडा दादा, यावर मी काही बोलत नाही). आईंना गुडघ्याचा त्रास असेल तर जिने बघून मगच तिकीट काढा, लिफ्ट कुठेच नाही.

---

अ‍ॅबर्डीनचा_पाहुणा

आईचे गुडघे ठीक आहेत, माझेच नाहीत. या शनिवारी फ्रेझर नक्की, क्रेथिस पुढच्या. आणि क्रेगीवारला परत जायचंय कारण बाबांना ते येट बघायचंय, पहिल्या वेळी त्यांनी त्याला हात लावला आणि पुढे गेले, आता म्हणतात गज कुठून कुठे जातो ते कागदावर काढून आणणार. एक सूचना जे जाणार असतील त्यांच्यासाठी, तळमजल्याच्या वर एकही दिवा नाही, मुद्दाम ठेवलेला नाही, त्यामुळे ढगाळ दिवशी दुपारी उशिरा गेलात तर छताची नक्षी दिसणार नाही. आम्ही चारला पोचलो होतो, अलेक्झांडर दिसला, बाकीचे वीर अंधारात राहिले.